एका मॅनोजकणाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांकडून आम्हीं एक साधा प्रयोग करवून घेतला. बेकरींतून आणलेलें चमचाभर कोरडें यीस्ट कोमट पाण्यांत अर्धा तास भिजत ठेविलें, तें पाणी गाळून घेतलें आणि उसाच्या साखरेच्या पाण्यांत मिसळलें. नुसत्या साखरेच्या पाण्यांत बेनेडिक्टचें निळें द्रावण घालून तापविलें तर निळा रंग जात नाहीं. परंतु यीस्टचें पाणी मिसळल्यावर वीस मिनिटांनीं तेंच करून पाहिलें, तेव्हां परीक्षानळींत विटेच्या रंगाचा साका बसला. साखरेच्या रेणूचे दोन तुकडे, एक ग्लुकोजचा व एक फ्रुक्टोजचा, झाले होते. आणि हें काम यीस्टमधील इन्व्हर्टेज नांवाच्या विकरानें केलें होतें. विकर म्हणजे, स्वतः खर्ची न पडतां दुसऱ्या द्रव्यांत रासायनिक फेरफार घडवून आणणारें प्रथिन, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेलच.

मुलांस प्रयोग आवडला, आणि आम्हीहि उत्साहाच्या भरांत जरा पुढें वाहवत गेलों. ह्या इन्व्हर्टेजचें जवळजवळ अर्धें वजन प्रथिनाचें नसून साखरेचेंच असतें, म्हणजे साखर फोडणारें हें विकर स्वतःच साखरेचा अंगरखा घालून हिंडतें, असें आम्हीं सांगितलें. हा अंगरखा चढवितांना पेशी प्रथम शर्कराकणांचा एक ठराविक झुबका प्रथिनास चिकटविते व मग त्यांतील कांहीं कण कापून टाकिते, हेंहि सांगितलें. आणि शेवटीं गंमत म्हणून असें बोलून गेलों कीं, त्यांपैकीं एक कण कापणारें जें विकर आहे, तें यीस्टमधून समूळ काढून टाकलें तरी यीस्ट पूर्वीसारखेंच वाढतें. त्यावर मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, काढलें तरी कांहींच बिघडत नसेल, तर तें असतें कशाला?"

तास संपत आला होता. "निसर्गांत अशा कांहीं जुन्या गोष्टी उगीच राहून गेलेल्या असतात," असें म्हणून आम्हीं पुस्तक मिटलें. तें उत्तर चुकीचें होतें. घरीं जाऊन वाचूं लागलों तेव्हां आमचें आम्हांसच वाईट वाटलें. कारण ज्या प्रश्नानें मोठमोठ्या संशोधकांस कित्येक वर्षें कोड्यांत टाकिलें, तोच प्रश्न त्या मुलानें विचारला होता, आणि आम्हीं त्याची वाट बंद केली होती. दुसऱ्या दिवशीं वर्गांत चुकीची दुरुस्ती केली. पण ती हकीकत सविस्तर सांगण्यास तासाची घंटा आड आली. ती येथें सांगतों.

यीस्ट आपणांस परकें नाहीं. गोमंतकांतील पोदेर पूर्वीं पावाचें पीठ नारळाच्या माडीनें फुगवीत, आणि वसईकडेहि ती चाल होती. त्या माडींत फसफसत असतें तें यीस्टच. (इडलीचें पीठ फुगतें तें मात्र मुख्यत्वें जीवाणूंच्या योगानें. मुलें उत्तरपत्रिकेंत दोहोंची नेहमीं गल्लत करितात.) साखर आंबणें हें जिवंत यीस्टचें काम आहे, असें लुई पाश्चर यांनीं १८५७ पासून पुढें दाखविलें. नंतर १८९७ सालीं जर्मनींत एदुआर्ट बुखनर यांनीं यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस पिळून काढिला, आणि एकहि जिवंत पेशी नसतां त्या रसांत साखर आंबते असें सिद्ध केलें. ह्याबद्दल त्यांस १९०७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. 'एन्झाइम' हा युरोपांतील शब्दहि 'यीस्टमध्यें' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून बनविलेला आहे. तेव्हां विकरांचा अभ्यास यीस्टपासून सुरू झाला असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु आधुनिक शास्त्रज्ञांस यीस्ट प्रिय झालें तें पावामुळें नव्हे. यीस्टचा जीव एका पेशीचा असला तरी त्या पेशींत आपल्या पेशींप्रमाणेंच केंद्रक आहे, पडद्यांचे कप्पे आहेत, आणि माल तयार करून बाहेर पाठविण्याची व्यवस्थाहि बरीचशी आपल्यासारखीच आहे. अनुकूल अन्न मिळालें म्हणजे सुमारें दीड तासांत एका पेशीच्या दोन होतात. १९९६ सालीं ह्या यीस्टची संपूर्ण आनुवंशिक लिपि वाचून झाली. तींत सुमारें ६००० जनुकें आढळलीं. त्यांतील हवें तें जनुक खोडून टाकून पेशीचें काय होतें, हें पाहतां येतें. मनुष्याच्या बाबतींत असा प्रयोग करतां येत नाहीं, व करूंहि नये.

आतां मूळ विषयाकडे वळूं. जीं प्रथिनें पेशीबाहेर जावयाचीं किंवा तिच्या कप्प्यांत राहावयाचीं असतात, त्यांपैकीं बहुतेक प्रथम अंतर्द्रव्यजालिका नांवाच्या पडद्यांच्या जाळ्यांत शिरतात. तेथें शिरत असतांनाच त्यांच्यावर १४ शर्कराकणांचा एक झुबका चढविला जातो. हा झुबका जागच्या जागीं एकेक कण जोडून प्रथिनावर बनवीत नाहींत. तो डोलिकॉल नांवाच्या स्निग्ध द्रव्यावर अगोदर तयार करून ठेविलेला असतो, आणि प्रथिनांतील अ‍ॅस्पॅरजिन ह्या अमिनो आम्लावर, आजूबाजूची जागा योग्य असेल तर, एकदम उचलून बसविला जातो. ह्या शोधाच्या मुळाशीं आर्जेन्टिनांतील लुईस लेलुआर यांचें कार्य आहे. त्यांस १९७० सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ब्वेनोस आयरिस येथील प्रयोगशाळेंत, दोऱ्यांनीं बांधून टिकविलेल्या एका जुनाट खुर्चीवर बसून काम करीत असतांनाचें त्यांचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. उपकरणें नाहींत म्हणून तक्रार करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस (आणि शिक्षकांसहि) तें अवश्य दाखवावें.

ह्या झुबक्याचा आकार एखाद्या लहान झाडासारखा असतो. बुंध्याशीं एन-अ‍ॅसिटिल-ग्लुकोसामाइनचे २ कण. त्यांवर तीन फांद्यांत विभागलेले मॅनोज साखरेचे ९ कण. आणि एका फांदीच्या टोंकाशीं ग्लुकोजचे ३ कण. झाड प्रथिनावर बसतें न बसतें तोंच छाटणी सुरू होते. ग्लुकोजचा शेवटचा कण एक विकर कापतें. उरलेले दोन दुसरें विकर कापतें. त्यानंतर मधल्या फांदीच्या टोंकाचा मॅनोजचा एक कण, अवघा एकच कण, तिसरें विकर कापतें. आमच्या वर्गांत ज्याच्याविषयीं प्रश्न निघाला तें हेंच. त्याचें नांव मॅनोसिडेज. यीस्टमधील त्याच्या जनुकास 'एम्.एन्.एस्. १' म्हणतात. मॉन्ट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठांत अ‍ॅनेट हर्स्कोविक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं तें जनुक वेगळें केलें. हें विकर ५४९ अमिनो आम्लांचें आहे. त्याचें एक टोंक पडद्यांत रुतलेलें असून काम करणारा भाग जालिकेच्या आंत लोंबत असतो, आणि कॅल्शियम नसेल तर तें काम करीत नाहीं.

छाटणीनंतर प्रथिन गॉल्गी संकुलांत जातें. यीस्टमध्यें तेथें त्याच झाडावर पुन्हां मॅनोजची लांबलचक साखळी चढवितात, ती कधीं कधीं दोनशें कणांपर्यंतहि जाते. आमच्या प्रयोगांतील इन्व्हर्टेजचें अर्धें वजन साखरेचें होतें तें ह्यामुळें. येथें वाचकांच्या मनांत सहज येईल कीं, पुढें दोनशें कण चढवावयाचे असतांना अगोदर एक कण कापण्याचा हा काटेकोरपणा कशासाठीं? पुष्कळ दिवस असें समजत असत कीं, तो एक कण कापल्यावांचून पुढची साखळी चढतच नाहीं. कल्पना सयुक्तिक होती. परंतु १९९३ सालीं हर्स्कोविक्स यांच्याच गटानें 'एम्.एन्.एस्. १' जनुक मोडून पाहिलें, तों काय! मॅनोजचे नऊच्या नऊ कण झाडावर राहिले, आणि त्यावर पुढची लांब साखळीहि बिनदिक्कत चढली. यीस्ट वाढलें, फुटवे फुटले, रूपांतहि फरक दिसला नाहीं. आपल्याच अपेक्षेविरुद्ध गेलेला निकाल जसाच्या तसा छापून प्रसिद्ध करणें, हें आमच्या मतें त्या गटाचें जनुक शोधण्याहून लहान काम नव्हे.

तर मग हा कण कापण्याचें प्रयोजन काय? आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथें येऊन ठेपतो.

उत्तर समजण्यासाठीं प्रथिनांची एक अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती विशिष्ट प्रकारें घडी पडून गोळा झाली तरच कामाची. घडी चुकली तर प्रथिन निरुपयोगी होतें, आणि पुष्कळदां एकमेकांस चिकटून उपद्रवहि करितें. अशीं बिघडलेलीं प्रथिनें पेशीनें निवडून काढून नष्ट केलीं पाहिजेत. पण निवडावयाचीं कशीं? नुकतेंच तयार होऊं लागलेलें निर्दोष प्रथिनहि अर्धवट घडीचेंच असतें. पहिल्या क्षणीं होतकरू व नादुरुस्त हीं दोन्ही सारखींच दिसतात.

कोंकणांत आंब्यांची अढी घालितात, तिचा दृष्टान्त येथें तंतोतंत लागू पडतो. गवतांत आंबे मांडले त्या दिवशीं सगळेच हिरवे व कठीण असतात. त्या दिवशीं कच्चे म्हणून फेकूं लागलें तर अढीच रिकामी होईल. उलट, नासका आंबा वेळींच न काढला तर शेजारचे चार नासवितो. म्हणून घरांतील वडीलधारें माणूस काय करितें? दिवस मोजतें. इतके दिवस झाले, पिकले ते वर काढले. अजून जो पडून आहे त्याला हातांत घेऊन दाबून पाहतें. केवळ कच्चेपणावरून नव्हे, तर मुदत उलटूनहि राहिलेल्या कच्चेपणावरून निर्णय होतो. पेशीसहि असेंच एखादें घड्याळ हवें असतें.

तें घड्याळ ह्या शर्करावृक्षाच्या छाटणींत आहे. ग्लुकोजचे कण झटपट कापले जातात. मॅनोजचा तो कण मात्र सावकाश कापला जातो. ज्याच्यावरील तो कण गेला, तें प्रथिन जालिकेंत कांहीं वेळ काढून चुकलें आहे, हें त्या झाडाकडे पाहूनच समजतें.

हें सिद्ध कसें झालें तें पाहण्यासारखें आहे. यीस्टमध्यें कार्बोक्सिपेप्टिडेज वाय नांवाचें एक पाचक विकर आहे. तें रिक्तिकेंत काम करितें व त्याच्यावर असे चार शर्करावृक्ष असतात. ह्याच्या जनुकांत एक दोष असलेलें यीस्ट उपलब्ध आहे. त्या दोषानें माळेंतील एक अमिनो आम्ल बदलतें, घडी बिघडते, आणि तें प्रथिन रिक्तिकेंत न पोंचतां वाटेंतच नष्ट होतें. जर्मनींतील स्टुटगार्ट येथें डीटर वोल्फ यांच्या गटानें ह्या प्रथिनाचा पिच्छा पुरविला, आणि १९९६ सालीं असें दाखविलें कीं, तें जालिकेंतून उलट बाहेर पेशीरसांत ओढून काढून प्रोटिअसोम नांवाच्या यंत्रांत तुकडे तुकडे केलें जातें. पुढें १९९८ सालीं झुरिच येथें मार्कुस एबी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरनिराळ्या आकाराचे शर्करावृक्ष बनविणारीं यीस्टचीं कुळें जमवून, प्रत्येकांत हें सदोष प्रथिन किती वेगानें नाहींसें होतें तें मोजलें. नव्या प्रथिनावर किरणोत्सारी गंधकाची खूण करावयाची, आणि ठराविक अंतरानें त्यांतील किती उरलें तें पाहावयाचें, अशी रीत. निष्कर्ष स्वच्छ निघाला. मॅनोजचे आठ कण असलेलें झाड असेल तर सदोष प्रथिन वेळेवर नष्ट होतें, 'एम्.एन्.एस्. १' नसल्यामुळें नऊ कण राहिले, तर तेंच प्रथिन जालिकेंत रेंगाळत राहतें.

म्हणजे हें विकर नसतांना बिघडत होतें. पण बिघाड पाहण्यासाठीं जेथें पाहावयास पाहिजे होतें तेथें कोणीं पाहिलें नव्हतें. चांगला माल व्यवस्थित बाहेर जात होता म्हणून कारखाना सुरळीत आहे असें वाटलें; आंत सांचलेल्या रद्दी मालाकडे लक्ष गेलें नाहीं.

तथापि येथें एक शंका उरते. निर्दोष प्रथिनांवरील तो कणहि बहुधा कापला जातोच. मग आठ कणांचें झाड पाहून पेशी त्यांचाहि नाश कां करीत नाहीं? ह्याचें उत्तर २००९ च्या सुमारास मिळालें. एक कण जाणें ही केवळ पूर्वतयारी होय. त्यानंतर 'एच्.टी.एम्. १' नांवाचें दुसरें विकर पुढें येतें. तें आणखी एका फांदीचा टोंकाचा कण कापून सात कणांचें झाड करितें, आणि तसें करतांना खालचा एक मॅनोजकण एका विशिष्ट बाजूनें उघडा पडतो. तो उघडा कण 'योस ९' नांवाचें प्रथिन ओळखतें, आणि घडी खरोखरच बिघडलेली आहे अशी खात्री पटली म्हणजे तो माल बाहेर ओढणाऱ्या यंत्रणेच्या स्वाधीन होतो. हें दुसरें विकर आठ कणांच्या झाडावर काम करण्यास तयार असतें. नऊ कणांचें झाड त्यास रुचत नाहीं. निर्दोष प्रथिनें तोंपर्यंत घडी पुरी करून गॉल्गीकडे रवाना झालेलीं असतात. मागें राहिलेल्यांच्या वाट्यास ही दुसरी कात्री येते. अढीच्या दृष्टान्तांत सांगावयाचें तर, मुदत भरली हें एक, आणि दाबून पाहिलें हें दुसरें. दोन्ही जुळल्यावांचून आंबा फेकीत नाहींत. त्या सदोष प्रथिनावर चार झाडें असतात, पण नाशाची खूण म्हणून त्यांतील शेवटचें एकच उपयोगी पडतें, हेंहि २००५ सालीं निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं दाखवून दिलें. बाहेर ओढल्यावर त्याच्यावरील साखर आणखी एक विकर सोडवून घेतें. असो, इतक्या तपशिलांत शिरलें तर लेख संपावयाचा नाहीं.

मग हें विकर काढल्यावर यीस्ट सुखानें वाढलें कसें? त्याचें कारण प्रयोगशाळेंतील सुखवस्तु राहणींत आहे. भरपूर साखर, बेताची उष्णता, शत्रु कोणी नाहीं. अशा वेळीं बिघडलेलीं प्रथिनें थोडीं असतात, आणि त्यांचा निकाल लावण्याच्या दुसऱ्याहि वाटा पेशीजवळ असतात. यीस्टचीं सर्व जनुकें एकेक करून खोडून पाहिलीं, तेव्हां अशा सुखाच्या स्थितींत ज्यांवांचून जगणेंच अशक्य अशीं जनुकें सुमारें एकपंचमांशच निघालीं. बाकीचीं चारपंचमांश निरुपयोगी आहेत असें त्यावरून म्हणणारा मनुष्य, उन्हाळ्यांत छत्री अडगळ समजून भंगारवाल्यास देणाऱ्यासारखाच म्हणावा लागेल. आम्हीं वर्गांत नेमकें तेंच केलें होतें.

ही केवळ यीस्टची कथा असती तरीहि ती सांगण्याजोगी होती. परंतु ह्याच विकराचा भाऊबंद मनुष्याच्या पेशींतहि आहे. २०११ सालीं पाकिस्तानांतील चार व इराणांतील एक अशा पांच कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील कांहीं मुलें जन्मापासून बुद्धीनें मंद होतीं, आणि शोध घेतां त्यांच्या आजाराचें मूळ ह्याच मॅनोसिडेजच्या मानवी जनुकांतील दोषांत सांपडलें. ज्या कणाच्या कापण्यानें यीस्टला वरवर कांहींच फरक पडला नाहीं, त्याच कामाचें विकर बिघडल्यामुळें मुलांच्या वाढत्या मेंदूस बाधा पोंचली. उलट प्रकारहि आहे. यकृतांत तयार होऊन रक्तावाटे फुप्फुसांचें रक्षण करणारें अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नांवाचें शर्करायुक्त प्रथिन आहे. त्याच्या एका सदोष जातींत माळेंतील एकच अमिनो आम्ल बदललेलें असतें. तेवढ्यानें तें यकृताच्या पेशींत अडकून सांचतें. परिणामीं यकृतास इजा होते ती निराळी, आणि फुप्फुसें उघडीं पडतात तीं निराळीं. अशा रोग्यांच्या पेशींत रद्दी माल कसा निवडला जातो हें समजून घेण्यास यीस्टवरील हें सर्व काम उपयोगीं पडलें आहे. औषधांच्या कामींहि ह्या ज्ञानाचा उपयोग झाला: यीस्टनें मॅनोजच्या लांब साखळ्या चढविलेलीं प्रथिनें मनुष्याच्या रक्तास मानवत नाहींत, म्हणून २००३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं एका जातीच्या यीस्टमधील साखळी सुरू करणारें जनुक काढून, निराळीं मॅनोसिडेज विकरें तींत घालून, मानवी पद्धतीचे शर्करावृक्ष तयार करणारें यीस्ट बनविलें.

दुरुस्तीचा तास झाल्यावर तो मुलगा पुन्हां भेटावयास आला. त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता: "सर, इतरांची छाटणी हें विकर करितें, मग ह्याच्या स्वतःच्या अंगावर साखर असते का, आणि असेल तर ती कोण छाटतें?" ह्या खेपेस आम्हीं पुस्तक मिटलें नाहीं. २००० सालीं ह्या यीस्ट-विकराचे स्फटिक करून क्ष-किरणांनीं त्याची आकृति काढण्यांत आली, तिचें चित्र आम्हीं त्याच्यापुढें ठेविलें. विकराचा आकार पिंपासारखा आहे. पिंपाच्या तळाशीं कॅल्शियमचा एक कण बसलेला आहे. आणि होय, ह्या विकराच्या अंगावरहि शर्करावृक्ष आहे. स्फटिकांत विकराचे रेणू दाटीनें ओळींत उभे असतात. त्या ओळींत एकाचा शर्करावृक्ष शेजाऱ्याच्या पिंपांत, नेमका कापण्याच्या जागेपर्यंत, शिरलेला दिसतो. तो मुलगा बराच वेळ त्या चित्राकडे पाहत उभा राहिला, आणि मग त्यानें तें वहींत उतरवून घेण्यासाठीं पेन्सिल मागितली.